टेबल कोणतं होतं?

चि. बाळास,


तुझं पत्र परवा मिळालं. जेसन शॉने जानेवारी २०२२ मध्ये पूलच्या टेबलावर सलग ७१४ बॉल पॉट केले, विली मोस्कोनीचा आकडा ५२६ होता, तेव्हा थोर कोण हा वाद आता मिटला, असं तू लिहिलंयस. मला हे मुळीच पटलेलं नाही. फोनवर दोन वाक्यांत सांगून तुझं समाधान झालं नसतं, म्हणून सविस्तर लिहितो आहे. ज्या खेळावर तू एवढा जीव टाकतोस, त्यातल्या जुन्या माणसांना तू एका वजाबाकीत बाद करावंस, हे मला बघवत नाही.

आधी तो ५२६चा आकडाच घेऊ. १९ मार्च १९५४ रोजी मोस्कोनी ओहायो राज्यातल्या स्प्रिंगफील्डमध्ये प्रदर्शनीय सामना खेळत होता. सामना २०० गुणांचा होता. २०० झाले तरी हात चालतोय म्हणून तो खेळत राहिला, आणि ५२६ला थांबला. चित्रीकरण नव्हतं, हजर असलेल्यांनी प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या, तोच पुरावा. पण ते टेबल आठ फुटी होतं हे तू लक्षात घेतलं नाहीस. जागतिक स्पर्धा तेव्हा नऊ फुटी टेबलावर होत, आणि त्याआधी, १९४९-५०च्या सुमारापर्यंत, दहा फुटी टेबलावर. म्हणजे मोस्कोनीचा सर्वांत गाजलेला आकडा त्याच्या नेहमीच्या टेबलापेक्षा लहान टेबलावरचा आहे. त्याच्या थोरवीचा तो सर्वांत दुबळा पुरावा, असं मी म्हणेन.

उलट बाजूही बघ. जॉन श्मिटने २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेमध्ये ६२६ केले ते नऊ फुटी टेबलावर, पण त्यासाठी तो कित्येक महिने रोज त्याच एका ध्यासाने टेबलाशी उभा राहत होता. शॉचे ७१४ही खास विक्रमासाठीच भरवलेल्या कार्यक्रमातले. समोर प्रतिस्पर्धी नाही, चुकलं की पुन्हा मांडायचं. ही तपश्चर्या मोठीच आहे, तिला कमी लेखू नकोस. पण ती वेगळी परीक्षा आहे. आकड्यांवरूनच ठरवायचं तर आपल्याकडचंच उदाहरण घे. आपल्या पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कलकत्त्यात बिलियर्ड्सचं जागतिक हौशी अजिंक्यपद मिळवलं. पुढे १९७८ मध्ये मायकेल फरेरा यांनी हजाराच्या वरचा ब्रेक, म्हणजे एका डावात सलग तेवढे गुण, केला. तेवढ्यावरून जोन्स लहान झाले का? तुझ्या न्यायाने व्हायला हवेत.

तू नाइनबॉलवर वाढलास, म्हणून स्ट्रेट पूलचं थोडं सांगतो. त्याशिवाय मोस्कोनी कळणार नाही. पंधरा बॉल, कोणताही बॉल कोणत्याही पॉकेटमध्ये घालायची मुभा, फक्त आधी सांगायचं. चौदा गेले की पंधरावा जागीच ठेवून चौदांचा रॅक पुन्हा लावायचा. मग तो राहिलेला बॉल पॉट करतानाच पांढऱ्या बॉलने रॅक फोडायचा, म्हणजे डाव पुढे चालू राहतो. ५२६ करायला हे सदतीस-अडतीस वेळा साधावं लागतं. सगळी कला पंधरावा बॉल कोणता ठेवायचा आणि पांढरा कुठे उभा करायचा यात आहे, आणि तो विचार सात-आठ बॉल आधीपासून सुरू होतो. मोस्कोनी झपाझप खेळायचा. त्याचा पांढरा बॉल टेबलभर हिंडताना दिसायचा नाही. वीतभर इकडे, वीतभर तिकडे, एवढंच. बघणाऱ्याला वाटे, सगळे सोपेच बॉल याच्या वाट्याला येतात.

तेव्हाचं कापड जाड, लव असलेलं, संथ. रॅक फुटायला जोर लागे आणि फुटला तरी बॉल फार पांगत नसत. आजच्या पातळ, गुळगुळीत कापडावर तोच फटका बॉल चहूकडे उधळतो. दुसरीकडे तेव्हाची पॉकेटं ऐसपैस होती, आणि आज मोठ्या स्पर्धांत सव्वादोन इंची बॉलसाठी जेमतेम चार-सव्वाचार इंचाचं तोंड ठेवतात. एक गोष्ट अवघड झाली, दुसरी सोपी झाली. यांची बेरीज-वजाबाकी करून खरा आकडा काढणारं गणित नाही, आणि कोणी मांडलं तर तू त्यावर विश्वास ठेवू नकोस.

म्हणून मी विक्रम बाजूला ठेवतो आणि सामने बघतो. १९४१ ते १९५७ या काळात मोस्कोनी पंधरा वेळा जगज्जेता झाला. १९५६ मध्ये जिमी मूरविरुद्ध तो एकाच डावात १५० करून मोकळा झाला. मूरच्या खात्यावर शून्य. मूर साधा खेळाडू नव्हता. आयर्व्हिंग क्रेननेही असंच केलं. १९६६च्या यूएस ओपनच्या अंतिम सामन्यात जो बाल्सिसला बसवून ठेवून त्याने सलग १५० केले. क्रेन मोस्कोनीच्याच वयाचा, सावध, शांत, कमालीचा चिकाटीचा. त्याचं दुर्दैव एवढंच की त्याच्या उमेदीची वर्षं मोस्कोनीच्या उमेदीत गेली. लोक क्रेनला विसरतात याचं मला फार वाईट वाटतं.

आणि या दोघांच्या आधी राल्फ ग्रीनलीफ. जन्म १८९९चा, पहिलं जागतिक अजिंक्यपद १९१९ मध्ये, विशीत. ही सगळी कारकीर्द दहा फुटी टेबलावरची. त्या टेबलावर लांबचा बॉल घ्यायचा म्हणजे काय, हे नऊ फुटीवर खेळणाऱ्याला कळणं कठीण आहे. तो रंगमंचावरचाही माणूस होता. बायको नाट्यगृहांतली कलावंत, आणि तो स्वतःही प्रेक्षकांना खिळवून ठेवणारा. दारूने त्याचं आयुष्य पोखरलं आणि १९५० मध्ये तो गेला. १९३३ मध्ये तरुण मोस्कोनी त्याच्याबरोबर गावोगाव सामने खेळत फिरला. तो दौरा म्हणजे मोस्कोनीचं गुरुकुल होतं, असं मी मानतो. तुमच्या पिढीच्या यादीत ग्रीनलीफचं नाव नसतं, कारण त्याचा खेळ पडद्यावर बघायला मिळत नाही. हे कारण मला मान्य नाही.

आता एक गोष्ट जुन्यांच्या विरुद्धही लिहितो, नाहीतर मामा जुन्यांचीच बाजू घेतो म्हणशील. मोस्कोनीच्या पंधरा अजिंक्यपदांच्या काळात कृष्णवर्णीय खेळाडूंना जागतिक स्पर्धेत प्रवेशच नव्हता. ब्रुकलिनचा सिसेरो मर्फी वर्षानुवर्षं बाहेर उभा राहिला. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बरबँकच्या स्पर्धेत त्याला पहिल्यांदा खेळू दिलं, आणि पहिल्याच प्रयत्नात तो जगज्जेता झाला. याचा अर्थ नीट लक्षात घे. पहिल्या संधीत जो जिंकतो, तो आधीच्या दहा वर्षांत किती जिंकला असता? आणि त्याच्या आधीच्या पिढीतली, ज्यांना १९६५ कधी दिसलंच नाही अशी माणसं? मोस्कोनीच्या खेळात यामुळे उणेपणा येत नाही, पण तो पंधराचा आकडा मी कधीच निःशंक मनाने उच्चारू शकत नाही. थोरांची तुलना करताना आपण खेळलेल्यांचीच तुलना करतो. ज्यांना खेळू दिलं नाही, त्यांचं काय, हे विचारायचं राहून जातं.

पुढे खेळच बदलला. तू दोन्ही सिनेमे पाहिलेस. १९६१च्या 'द हस्लर'मध्ये पॉल न्यूमन स्ट्रेट पूल खेळतो, आणि त्या सिनेमाचा तांत्रिक सल्लागार मोस्कोनी होता. १९८६च्या 'द कलर ऑफ मनी'मध्ये तेच पात्र, तोच नट, पण टेबलावर नाइनबॉल. पंचवीस वर्षांत एक खेळ मागे पडला आणि दुसरा पुढे आला. दूरचित्रवाणीला झटपट रॅक हवे होते. दीडशे बॉलची संथ साधना नको होती. हा बदल ज्याने पेलला तो माइक सिगेल. १९७९, १९८१ आणि १९८५ मध्ये स्ट्रेट पूलचा जगज्जेता, आणि तीन वेळा नाइनबॉलच्या यूएस ओपनचा विजेता. दोन काळांच्या सांध्यावर उभं राहून दोन्हीकडे अव्वल ठरलेला दुसरा माणूस मला पटकन आठवत नाही.

पण खरी मोठी उलथापालथ नियमाने केली, आणि इथे मला जरा रेंगाळू दे. जुन्या नाइनबॉलमध्ये पांढरा बॉल दुसऱ्या बॉलमागे अडकला तर खेळाडू 'पुश आउट' करायचा: पांढरा हलकेच मोकळ्या जागी ढकलायचा, पण मुद्दाम अवघड फटका उरेल असा. मग प्रतिस्पर्ध्याने ठरवायचं, स्वतः मारायचं की परत द्यायचं. त्यामुळे खरी कसोटी धाडसी लांब फटक्यांची होती. ल्यूथर लॅसिटरसारखे नेमबाज त्यात चमकले. पुढे नियम झाला की एकाच फाउलला बॉल इन हँड, म्हणजे समोरच्याने पांढरा हवा तिथे ठेवून खेळायचं. आता अडकलास तर कुशनवरून वळवून का होईना, योग्य बॉलला लागलंच पाहिजे. नाहीतर टेबल समोरच्याच्या हाती. अचानक कुशनचं ज्ञान हे प्राणवायूसारखं झालं.

आणि नेमक्या त्याच सुमाराला फिलिपिन्सहून एफ्रेन रेयेस अमेरिकेत आला. १९८५ मध्ये, सीझर मोरालेस हे खोटं नाव घेऊन, कारण खरं नाव ओळखणारे पैज लावायला तयार होत नसत. पाम्पांगा प्रांतात जन्मलेलं हे पोर पाचव्या वर्षी मनिलात काकांच्या पूल हॉलमध्ये राहायला आलं, टेबलावरच झोपलं, हात पुरत नाही म्हणून शीतपेयाच्या खोक्यांवर उभं राहून खेळलं. तिथे रोटेशन खेळायचे, थ्री कुशन खेळायचे. कुशनवरून पांढरा बॉल कुठे जातो हे त्याच्या अंगात लहानपणीच मुरलं होतं. १९९५ मध्ये अर्ल स्ट्रिकलंडविरुद्ध बारा-बारा अशी बरोबरी असताना निर्णायक रॅकमध्ये त्याने दोन कुशन घेऊन पाच नंबरचा बॉल पॉट केला. तो फटका तू पन्नासदा पाहिला असशील. पण जुन्या नियमात तो फटका मारण्याची गरजच पडली नसती. नियमाने त्याला संधी दिली, हे खरं; आणि त्या संधीचं सोनं करणारी विद्या त्याने नियम येण्याच्या कितीतरी आधी, नाइनबॉलच्या बाहेर कमावली होती, हेही तितकंच खरं.

स्ट्रिकलंडला मी कमी मानत नाही. यूएस ओपन पाच वेळा, जागतिक नाइनबॉल तीन वेळा. सरळ बॉल पॉट करण्यात तो रेयेसपेक्षा सरस होता, असं माझं मत आहे. १९९६ मध्ये हाँगकाँगला दोघांचा, जो आधी १२० रॅक जिंकेल तो विजेता, असा सामना झाला. तीन दिवस स्ट्रिकलंड बराच काळ पुढे होता, आणि शेवटी रेयेस १२०-११७ने जिंकला. शेन व्हॅन बोनिंगही पाच यूएस ओपन घेऊन त्याच रांगेत येतो. त्याचा ब्रेक, म्हणजे रॅक फोडणारा पहिला फटका, या काळाचं खास शस्त्र आहे, आणि जन्मापासूनच्या श्रवणदोषासह तो इथवर आला.

मग माझा कौल कोणाला, असं तू विचारशील. एकाच खेळात, समोर कोणीही असो, सर्वांत परिपूर्ण: मोस्कोनी. एकूण पूलमध्ये: रेयेस. १९९४ मध्ये यूएस ओपन जिंकणारा पहिला परदेशी, १९९९ मध्ये नाइनबॉलचा जगज्जेता, २००४ मध्ये एटबॉलचा, आणि वन पॉकेटसारख्या बुद्धीच्या खेळात तर अमेरिकनांनाच त्याने त्यांचा खेळ शिकवला. टेबल बदललं, नियम बदलले, खेळ बदलला, आणि प्रत्येक वेळी तो तिथे आधीच हजर होता. मोस्कोनी नाइनबॉलमध्ये कसा निभावला असता याची कल्पना करावी लागते. रेयेसच्या बाबतीत कल्पना करावी लागत नाही.

तुझ्या यादीत एकही बाई नव्हती, तेवढी दुरुस्ती कर. जीन बालुकसने १९७२ मध्ये, तेराव्या वर्षी, महिलांची यूएस ओपन जिंकली आणि पुढची कित्येक वर्षंही ती कोणाला मिळू दिली नाही. तरुण वयातच तिने स्पर्धा सोडल्या. आता एक काम सांगतो: हाँगकाँगच्या सामन्याचे शेवटचे वीस रॅक पुन्हा एकदा सलग बघ, बॉल जातात कसे याकडे न पाहता पांढरा थांबतो कुठे तेवढंच बघ, आणि बालुकसला कितव्या जागी ठेवतोस ते पुढच्या पत्रात कारणांसकट लिही. ताईला माझा निरोप सांग, गणपतीला येतोय.

तुझा,
मामा