गोधडीतले वाचन

स्मरणिकेत ग्रंथालयाविषयी लिहायचे म्हटले की थोरामोठ्यांची चरित्रे, वैचारिक ग्रंथ आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके यांचा उल्लेख आधी होतो, आणि ते योग्यच आहे. आमच्यापैकी अनेकींच्या घरात पाठ्यपुस्तकापलीकडचे पहिले पुस्तक याच वसतिगृहातून गेले. पुस्तक म्हणजे वर चढण्याची पायरी, हेच ऐकत आम्ही वाढलो. तरीही आम्ही काही माजी विद्यार्थिनी येथे लिहिणार आहोत ते कोणत्याही पायरीवर न नेणाऱ्या पुस्तकांविषयी. पावसाळ्यातल्या रविवारी, दोरीवरचे कपडे वाळायचे नाव घेत नसताना, गोधडीत पाय गुंडाळून वाचलेल्या हसऱ्या प्रेमकादंबऱ्यांविषयी.

या कादंबऱ्यांचा साचा ठरलेला असतो. दोघे भेटतात, पहिल्याच भेटीत एकमेकांना नावे ठेवतात, गैरसमज वाढतात, एखादी आगाऊ आत्या किंवा बोलघेवडी आई त्यात भर घालते, आणि अखेर दोघांचाही ताठा उतरतो. शेवट गोड होणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असते. यात कमीपणा मानणारे पुष्कळ आहेत. पण घरची वाट पाठ आहे म्हणून घरी जाण्याचा कंटाळा कोणाला येतो? आमच्या त्या वयात बाकी सारेच अनिश्चित होते. परीक्षेचा निकाल, गावाकडचा पाऊस, वडिलांना मिळणारे काम, पुढच्या वर्षीची शिष्यवृत्ती. अशा वेळी जिच्या शेवटाची चिंता करावी लागत नाही अशी एक तरी गोष्ट हाताशी असणे, ही विश्रांतीच होती.

इंग्रजी सुधारावे म्हणून बाईंनी आमच्या हाती जेन ऑस्टेन यांच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ची संक्षिप्त आवृत्ती दिली. ही कादंबरी १८१३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यावर लेखिकेचे नावही नव्हते. पाच मुलींचा बाप, मुलगा नसल्यामुळे दूरच्या पुरुष नातलगाकडे जाणारी इस्टेट, आणि मुलींची लग्ने हाच ध्यास घेतलेली आई. दोनशे वर्षांपूर्वीचे हे इंग्लंड आम्हांला परके वाटलेच नाही. स्थळ आले की घरात उडणारी धांदल, पाहुण्यांसमोर आईचे वाढत जाणारे बोलणे, धाकट्या बहिणींचे खिदळणे हे सारे आमच्या पाहण्यातले होते. एकीने वाचायचे, दुसरीने शब्दकोश धरायचा आणि बाकीच्यांनी उशीत तोंड खुपसून हसायचे, असा क्रम दिवे मालवेपर्यंत चाले.

मात्र हसता हसता एका गोष्टीने आम्हांला विचारात पाडले. या कादंबरीची नायिका एलिझाबेथ दोनदा लग्नाला नकार देते. एकदा इस्टेटीच्या वारस कॉलिन्सला आणि एकदा अतिशय श्रीमंत डार्सीला. आणि गोष्ट तेथे संपत नाही. उलट, तिची मैत्रीण शार्लट सत्ताविसाव्या वर्षी, डोक्यावर छप्पर असावे म्हणून, त्याच कॉलिन्सला होकार देते. शार्लटचे बरोबर की चूक, यावर आमच्या खोलीत कित्येक रात्री दोन तट पडले होते. स्वतः ऑस्टेन यांनी १८०२ साली आलेल्या एका मागणीला होकार दिला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तो मागे घेतला. त्या अविवाहित राहिल्या आणि १८१७ साली, एक्केचाळिसाव्या वर्षी वारल्या.

आमच्यातल्या काहींना तेव्हा दहावीच्या निकालाआधीच स्थळे येऊ लागली होती. एकीने दिवाळीच्या सुट्टीत वडिलांना सांगितले, “बाबा, शिक्षण पुरे झाल्याशिवाय नाही.” बाबा आठवडाभर बोलले नाहीत, सुट्टी संपली तेव्हा मात्र तेच तिची पेटी घेऊन एसटीपर्यंत आले. तिच्या धैर्याचे श्रेय एका कादंबरीला देणे अतिशयोक्ती ठरेल. घरी जाऊन समजावणाऱ्या बाई होत्या, पाठीशी उभी राहिलेली आई होती. पण मुलीने ‘नाही’ म्हटले तरी ती वाईट ठरत नाही, हे आम्ही प्रथम हसत हसत वाचले, एवढे खरे.

मराठीत ‘कलेसाठी कला’ म्हणणारे ना. सी. फडके आणि ‘जीवनासाठी कला’ म्हणणारे वि. स. खांडेकर यांचा वाद प्रसिद्ध आहे. आम्हांला वाटते, दमलेल्या जिवाला हसवणे हेही जीवनाचेच काम आहे. रड्यर्ड किपलिंग यांचा मुलगा १९१५ साली लूसच्या लढाईत गेला. त्यानंतरच्या काळात ते पत्नीला आणि मुलीला ऑस्टेन मोठ्याने वाचून दाखवीत. जॉर्जेट हेयर या इंग्रज लेखिकेने १९४४ साली ‘फ्रायडेज चाइल्ड’ ही निव्वळ खेळकर प्रेमकादंबरी लिहिली. रुमानियातील एका राजकीय कैदी स्त्रीने पुढे त्यांना पत्राने कळवले की बारा वर्षांच्या तुरुंगवासात हीच कथा आठवून आठवून सोबतिणींना सांगत तिने सर्वांचा धीर टिकवला. जिला हलके म्हणून बाजूला सारावे, त्या पुस्तकाने केवढा भार उचलला!

कष्टाने शिकणाऱ्या मुलांना आपण वह्या देतो, गणवेश देतो, मार्गदर्शन देतो. निवांतपणा मात्र त्यांनी पुढे कमवायचा, असे आपण धरून चालतो. माजी विद्यार्थी आणि पालक यांना आमची विनंती आहे की ग्रंथालयास भेट देताना अभ्यासाच्या दहा पुस्तकांबरोबर एखादे हसवणारे पुस्तकही द्यावे. ते कपाटात कुलूपबंद न ठेवता खालच्या फळीवर, लहान मुलींचा हात पोहोचेल तेथे ठेवावे. आणि रविवारच्या दुपारी एखादी मुलगी ते वाचत लोळताना दिसली, तर तिला उठवू नये.