फिरकीचा तांब्या

जळगावच्या आमच्या स्वयंपाकघरात, मिक्सरच्या मागं, पितळेचा एक फिरकीचा तांब्या आहे. बुडाच्या सांध्यातून तो थेंब थेंब गळतो. सून दर दिवाळीला तो चिंचेनं लख्ख घासते आणि दर दिवाळीला विचारते, "बाबा, आता तरी मोडीत काढायचा का?" मी ऐकू न आल्यासारखं करतो. चोवीस वर्षं तोफांच्या आवाजाशेजारी काढलेल्या माणसाला तेवढी सवलत मिळते.

आमचं गाव साक्री तालुक्यातलं, पांझरेच्या काठचं. या नदीवर एकाखाली एक जुने बंधारे आहेत आणि त्यांच्या पाटावर शेकडो वर्षं फड भिजत आले. फड म्हणजे शिवाराचा मोठा तुकडा. त्यात दहा जणांची जमीन असली तरी पीक सगळ्यांनी मिळून ठरवायचं आणि पाणी बारीनं घ्यायचं. तरुणपणी इंजिनियर विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या नोकरीत लागले, तेव्हा त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक याच खानदेशात, पांझरेच्या एका पाटावर होतं. आमचे वडील पाटकरी. रात्री-अपरात्री कंदील आणि कुदळ घेऊन पाटावर फिरायचं, कोणाची बारी संपली ते पाहायचं. पाटकऱ्याच्या वर फडाचा हवालदार असतो. मला फौजेत तीन पट्टे लागल्याचं पत्र घरी पोचलं, तेव्हा वडील आईला म्हणाले म्हणे, "घ्या, पाटकऱ्याच्या घरात हवालदार जन्मला. आता याचा हुकूम ऐका."

1979 साली बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात, भरती होऊन निघालो तेव्हा आईनं हा तांब्या हातात दिला. गळ्याशी आटे, वर कडीचं झाकण. झाकण उलटं केलं की तेच फुलपात्र. त्यातलं पाणी पिताना पितळेचा वास आधी नाकात जातो, पाणी मागून घशात. आईनं तो भरला होता पांझरेच्या पाण्यानं. धुळ्याच्या एसटी स्टँडवर उतरेपर्यंत मी तो अर्धा संपवला आणि स्टँडवरच्या नळाला परत भरला. गावचं पाणी घेऊन निघालोय असं मनात धरून मी पुढची कित्येक वर्षं प्रवास केला. तांब्यात मात्र दर चार स्टेशनांनी दुसरंच पाणी असायचं.

सगळ्यात जास्त पाणी त्यानं भुसावळचं प्यायलं. पलटण फिरोजपूरला होती, तेव्हा रजा संपली की धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत जळगाव, तिथून भुसावळ, आणि मग पंजाब मेल. ही गाडी 1912 पासून मुंबई आणि पंजाब जोडते आहे. माझ्यासारख्या कित्येक फौजींच्या रजा तिनं सुरू केल्या आणि तिनंच संपवल्या. भुसावळ सोडलं की लगेच तापीचा पूल, मग सावदा, रावेरच्या केळीच्या बागा. बागा मागं पडल्या की डब्यातला खानदेशी माणूस गप्प होतो. खिडकीतून पाहण्यासारखं काही उरत नाही, आणि कळण्याच्या भाकरीची पुरचुंडी सोडायला अजून वेळ असतो.

एका वर्षी फिरोजपूरला क्वार्टर मिळालं. बायको, पोरगा आणि आईला घेऊन गेलो. सीमेलगत हुसैनीवालाला भगतसिंग, सुखदेव आणि राजगुरू यांची समाधी आहे. राजगुरू आपल्या खेडचे, हे आईला सांगितल्यावर ती ताठ झाली. एवढ्या लांब आपलं माणूस, आणि आपण रिकाम्या हातानं आलो? तिनं तांब्याची फिरकी उघडली आणि समाधीपुढं जमिनीवर धार सोडली. पांझरेचं पाणी, असं ती पुटपुटली. ते झाशीच्या नळाचं होतं. मी बोललो नाही.

परतताना रस्त्याच्या कडेनं मोठा कालवा लागला, काठोकाठ. आई चालता चालता थांबली. "आठला पाटकरी कोन शे रे?" तिनं विचारलं. बरोबरच्या सरदारजीला मी हिंदीत समजावलं. त्यानं वारबंदी सांगितली: आठवड्यातला अमुक वार, अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंत पाणी अमक्याचं, मग ते रात्री दोनला का असेना. मी आईला अर्थ सांगितला. ती म्हणाली, "म्हणजे बारीच की." उरलेली वाट तिला पंजाब परका वाटला नाही.

पुढं लडाख. उन्हाळ्यात लेहच्या खाली एका गावात जवाच्या शेताच्या कडेला एक म्हातारा हातात फावडं घेऊन बसलेला दिसला. बर्फ वितळून येणारा ओहोळ तो कधी या वाफ्यात वळवी, कधी त्या. आमच्या दुभाष्यानं सांगितलं, हा गावचा छुरपोन, पाणी वाटणारा. मी त्याच्याशेजारी बसलो. भाषा येत नव्हती. मी तांब्या पुढं केला, त्यानं त्यातलं पाणी प्यायलं, मग तो रिकामा करून आपल्या पाटातून भरून दिला. दाताला झिणझिण्या येतील इतकं गार.

त्याच साली थंडीत माझ्याकडून चूक झाली. एका रात्री तांब्या गळ्यापर्यंत भरून, फिरकी घट्ट आवळून, बुखारीपासून, म्हणजे आमच्या शेगडीपासून, लांब ठेवला आणि झोपलो. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, हे आम्हाला जरीकॅनच्या बाबतीत शिकवलं होतं. सकाळी तांब्याचं बूड फुगून गोल झालं होतं आणि सांध्यावर केसाएवढी चीर होती.

रजेवर आलो. धुळ्यात कल्हईवाल्याकडून दोनदा डाग लावून घेतला, तरी थेंब यायचाच. आईपुढं ठेवायची लाज वाटली, म्हणून आधी वडिलांना दाखवला. त्यांनी तो भरून ओट्यावर ठेवला आणि बिडी संपेपर्यंत थेंब पाहत राहिले. मग म्हणाले, "गळू दे. वरचा बंधारा गळला नाही, तर खालचा भरायचा कशानं?"

मला ते तेव्हा समजूत काढण्यासारखं वाटलं. पण पांझरेवर खरोखर तसंच चालतं. वरच्या बंधाऱ्यातून आणि भिजलेल्या फडांतून झिरपलेलं पाणी नदीत उतरतं आणि खालच्या गावाच्या वाट्याला येतं.

2003 साली निवृत्त होऊन जळगावला आलो. वडील गेले, आई गेली. गावी विहिरी वाढल्या, घरटी मोटार आली. ज्याची त्याची विहीर, ज्याचं त्याचं पीक. बारीसाठी कोणाचं दार वाजवायची गरज उरली नाही.

मागच्या हिवाळ्यात नातवाला घेऊन चांगदेवला गेलो, तापी-पूर्णेच्या संगमावर. गाडीत सीलबंद बाटल्या होत्या, तरी मी तांब्या घेतलाच. परतताना नातू ओरडला, "आजोबा, माझी चड्डी भिजली!" सुनेनं आरशातून माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर केळी पाहू लागलो.

या दिवाळीला तिनं मोडीचं नाव काढलं नाही. तांब्या घासला, भरला आणि मिक्सरमागं न ठेवता बाल्कनीच्या कट्ट्यावर ठेवला. खाली तुळशीची कुंडी सरकवली.