अर्ध्या तासानंतरची सभा

मी सेक्रेटरी असताना आमची सोसायटी ठाकुर्ली पूर्वेतली शिस्तीची सोसायटी म्हणून ओळखली जायची. मेंटेनन्सची बिलं वेळेवर निघत, लेखापरीक्षण मुदतीत होई, उपनिबंधक कार्यालयाला लागणारा प्रत्येक कागद फायलीत लावलेला असे. माझी नोकरी रेल्वेच्या हिशेब खात्यातली, त्यामुळे कागद चोख ठेवणं अंगात मुरलेलं. या चोखपणाच्या जोरावर मी बरीच वर्षं त्या पदावर राहिलो, आणि त्याच काळात इमारतीतली सगळ्यात मोलाची गोष्ट माझ्या हातून मोडली.

इमारत 1984 सालची. आमची महापालिका आदल्याच वर्षी, 1 ऑक्टोबर 1983 रोजी, अस्तित्वात आली होती. पण तिचे दिवे, रस्ते आणि पाणी अजून आमच्या दारापर्यंत धड पोचले नव्हते. पाणी अवेळी यायचं. खालच्या टाकीतून वरच्या टाकीत चढवायला कुणीतरी जागं राहून पंप लावावा लागे. तळमजल्यावरच्या काकूंनी त्याच्या पाळ्या ठरवल्या होत्या. एका चौकोनी वहीत त्यांनी चोविसही घरांची नावं लिहिली होती, आणि चोळ्याच्या पॉवर हाऊसमध्ये ज्यांची रात्रपाळी असे त्यांना पहाटेची पाळी त्या कधीच लावत नसत. एखाद्या घरात आजारपण असलं की शेजारचं घर न सांगता उठायचं. पंप जळाला तेव्हा संध्याकाळपर्यंत पैसे जमले होते. कुणी किती दिले याची यादी कुठेही लागली नाही.

पुढे पाणी नियमित झालं, मी सेक्रेटरी झालो आणि कारभाराला वळण लावायचं मनावर घेतलं. पंपासाठी पगारी माणूस आला, काकूंची वही बंद झाली. पार्किंगच्या रेषा आखल्या, गच्चीला कुलूप लावलं, दंडाची पत्रकं काढली. थकबाकीवर व्याज आकारायची मुभा उपविधींत होती, कमाल मर्यादा 21 टक्के. मी थेट 21 टक्केच लावले. यातली एकही गोष्ट बेकायदा नव्हती, आणि एकेकटी पाहिली तर बहुतेक योग्यही होती. मात्र या सगळ्यांतून एक फरक पडत गेला. पूर्वी लोक आपल्या इमारतीचं काम करत होते. आता ते सोसायटीला पैसे भरू लागले. सोसायटी म्हणजे कमिटी, आणि कमिटी म्हणजे मी.

सभांची गोष्ट तर सांगायलाच हवी. सर्वसाधारण सभेचा कोरम दोन-तृतीयांश सभासद किंवा 20, यांतली जी संख्या कमी असेल ती. आमच्याकडे तो 16 व्हायचा. कोरम भरला नाही तर सभा तहकूब करायची आणि अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा घ्यायची. त्या दुसऱ्या सभेला कोरमची अट नाही. ही तरतूद अडचणीच्या वेळेसाठी आहे. मी तिचा रिवाज केला. सूचनापत्रात मी दोन्ही वेळा आधीच छापायचो, नऊ आणि साडेनऊ. पुढे पुढे खुर्च्याही सातच मांडायला सांगू लागलो, कारण तेवढेच येणार हे मी गृहीत धरलं होतं. लोक येत नाहीत अशी तक्रार मी जरूर करायचो. पण खरं सांगायचं तर त्यांच्या न येण्याने माझं काम सोपं होत होतं.

28 जुलै 2015च्या रात्री ठाकुर्लीत एक जुनी तीन मजली इमारत कोसळली. नऊ जण गेले. आठवड्याच्या आतच ठाण्यात नौपाड्यात दुसरी पडली. आमच्या इमारतीला तेव्हा तीस वर्षं उलटली होती, आणि तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच बंधनकारक आहे. मी लगेच विशेष सभा बोलावली. नऊला कोरम नव्हता, साडेनऊला आम्ही सात जण बसलो. ऑडिट करून घ्यायचं आणि दुरुस्तीसाठी प्रत्येक घराकडून मोठी वर्गणी घ्यायची, असे दोन्ही ठराव दहा मिनिटांत एकमताने मंजूर झाले. दुसऱ्या दिवशी सूचना फलकावर लागली.

संध्याकाळी काकू आल्या. तोवर त्या सत्तरीच्या पुढे गेल्या होत्या.

“हे कुणी ठरवलं?” त्यांनी विचारलं.

“सभेनं.”

“सभेला कोण होतं?”

मी इतिवृत्ताची वही काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती उघडली नाही. “मला हिशेब नकोय. पैसे कशाला लागणार ते कुणी घरी येऊन सांगितलं असतं तर बरं झालं असतं,” म्हणाल्या आणि गेल्या.

त्यांनी पैसे भरले नाहीत. निम्म्याहून अधिक घरांनी भरले नाहीत. मी थकबाकीदारांची यादी फलकावर लावली, त्यात काकूंचंही नाव होतं. टाइप करताना माझा हात क्षणभर थांबला होता, एवढं मला आठवतं. मग मी स्वतःला समजावलं की नियम सगळ्यांना सारखा. वसुलीच्या दाखल्यासाठी अर्ज करण्याची तयारीही केली. या ओढाताणीत दोन पावसाळे गेले. ऑडिटचा अहवाल माझ्या कपाटात पडून राहिला. मागच्या बाजूचे छज्जे धोकादायक आहेत, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं.

दुसऱ्या पावसाळ्यात त्यातला एक छज्जा पडला. खाली वॉचमन उभा होता. त्याचा खांदा मोडला, डोकं थोडक्यात वाचलं. सभासद नसलेला, मत नसलेला, सभेला कधीच न बोलावलेला माणूस आमच्या भांडणाची किंमत देऊन बसला. त्याला दवाखान्यात हलवल्यावर मी घरी आलो आणि पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीबरोबरचा करार काढून बसलो. तो आमचा नोकर ठरतो की एजन्सीचा, खर्च कुणी करायचा, हे मला आधी पाहायचं होतं. आयुष्यात मला सर्वांत जास्त लाज वाटते ती त्या तासाची.

मी कलमं वाचत होतो तेव्हा काकू जिन्याने एकेक मजला चढत होत्या. रात्री दहाच्या आत ऑपरेशनपुरते पैसे जमले. पुढे काही महिने त्याचा पगार घरोघरून गोळा होत राहिला. माझ्या थकबाकीदारांच्या यादीतल्या प्रत्येक घराने पैसे दिले होते. देण्याची दानत नव्हती असं मी ज्यांच्याबद्दल म्हणत होतो, त्यांना फक्त आपलं म्हणून विचारलं जायला हवं होतं.

माझी मुलगी बॉस्टनजवळ राहते. तिच्याकडे गेलो असताना कळलं की मॅसेच्युसेट्स, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया आणि केंटकी ही चार राज्यं स्वतःला अधिकृतपणे कॉमनवेल्थ म्हणवतात, पण बाकीच्या 46 राज्यांहून त्यांचे अधिकार तसूभरही वेगळे नाहीत. मॅसेच्युसेट्सच्या 1780 सालच्या घटनेत मात्र एक कल्पना आहे, ती माझ्या मनात रुतून बसली. सगळ्या लोकांनी प्रत्येक नागरिकाशी आणि प्रत्येक नागरिकाने सगळ्यांशी केलेला करार, असं त्या समाजाचं स्वरूप तिथे मांडलं आहे. असा करार एकदा सही करून फायलीत ठेवता येत नाही. राज्याला आज्ञा पाळणारी माणसं पुरतात. कॉमनवेल्थला, म्हणजे समाईक संसाराला, ठरवण्यात सामील झालेली माणसं लागतात. मी आमच्या चोवीस घरांच्या समाईक संसाराचं एक छोटं राज्य करून टाकलं होतं.

गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) हे गाव या बाबतीत आपल्याकडचा मोठा धडा आहे. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही तिथली घोषणा. तिथे ग्रामसभा निर्णय बहुमताने घेत नाही, सर्वांच्या संमतीने घेते. निर्णयाआधी अभ्यासगटात विषय उलटसुलट तपासला जातो, आणि त्या गटाला निर्णयाचा अधिकार नसतो. 2006च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर त्या गावाला सामूहिक हक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार आला. इतका वेळ कोण काढणार, असं मी पूर्वी म्हणालो असतो. पण आमचा दहा मिनिटांत झालेला दुरुस्तीचा ठराव दोन वर्षं कागदावरच राहिला होता.

मेंढ्यालाही कायदा लागलाच, हे विसरून चालणार नाही. उपविधी, वसुली, ऑडिटची सक्ती या गोष्टी नसत्या तर आमच्यासारख्या सोसायट्या कधीच मोडीत निघाल्या असत्या. मात्र नुसता कारभार चालू राहिला म्हणजे लोकांचं काही चालू आहे असं होत नाही. 2020च्या नोव्हेंबरात आमच्या महापालिकेची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं निवडणूकच झाली नाही. शहर प्रशासकाच्या हाती होतं. बिलं येत होती, कर भरले जात होते, रस्तेही खणले-बुजवले जात होते. आमच्या प्रभागाच्या वतीने प्रश्न विचारणारा निवडून आलेला माणूस मात्र नव्हता. कोरम नसलेली सभा केवढ्या मोठ्या प्रमाणावर भरू शकते, ते तेव्हा दिसलं.

छज्जा पडल्यानंतर मी राजीनामा दिला. पण कमिटीने मला एक काम करून जायला सांगितलं. ऑडिटच्या अहवालातले फोटो घेऊन मी घरोघर गेलो. मला उत्तर येत नव्हतं तिथे इंजिनिअरला बरोबर नेलं. काहींनी मला दारातच सुनावलं, ते मला ऐकून घ्यावंच लागलं. मग रविवारी सकाळी ठरावाशिवायची एक सभा झाली, तिच्यात फक्त बोलणं झालं. महिन्याने दुसरी झाली. वर्गणीची रक्कम पूर्वीपेक्षा जास्त ठरली, कारण मधल्या दोन वर्षांत नुकसान वाढलं होतं. तीन घरांना हप्ते बांधून दिले. कोणते हप्ते कुणाला, हे सभेनेच ठरवलं. पावसाळ्याच्या आत काम पुरं झालं. वॉचमनचा हात मात्र आजही खांद्याच्या वर जात नाही, आणि ते कोणत्याही दुरुस्तीने भरून येणार नाही.

तुम्ही एखाद्या सोसायटीच्या, मंडळाच्या, ग्रामसभेच्या कमिटीवर असाल तर एवढीच विनंती आहे. कोरम भरला नाही आणि सभा अर्ध्या तासासाठी तहकूब झाली, तर त्या अर्ध्या तासात खुर्चीवर बसून राहू नका. उठा आणि दारं वाजवा.