चोवीस नंबरची जर्सी

हॉकी म्हटलं की आपल्याला कोण आठवतं? धनराज पिल्ले. खडकीचा धनराज, ते उडणारे केस, तो भन्नाट स्पीड. माझं हॉकीचं ज्ञान तिथे सुरू होतं आणि तिथेच संपतं. त्यामुळे नोव्हेंबर २०२३ मध्ये मी अमेरिकेत मावसबहिणीकडे गेले आणि पहिल्याच शनिवारी जिजूंनी ‘आज हॉकी बघायला जायचंय’ असं जाहीर केलं, तेव्हा मी खिडकीबाहेर बघत विचारलं, ‘या थंडीत?’

‘थंडीत नाही, बर्फावर,’ जिजू म्हणाले.

ताई-जिजू डेट्रॉइटजवळ राहतात. जिजू मूळचे चिंचवडचे, गाड्यांच्या कंपनीत इंजिनीअर. तिकडे जाऊन पोळीभाजीचा डबा सुटला नाही, पण क्रिकेट सुटलं आणि आइस हॉकीचं वेड लागलं. डेट्रॉइट रेड विंग्ज ही त्यांची टीम. स्टेडियममध्ये आजूबाजूला सगळं लालभडक. मी मॅच काय बघणार! तो काळा पक डोळ्यांना दिसतच नाही, दिसेपर्यंत गोल झालेला असतो. म्हणून मी लोकांच्या पाठी वाचायला लागले. यझरमन, १९. लिडस्ट्रॉम, ५. पुन्हा यझरमन. हे लेजंड्स आहेत एवढं कळलं, कारण त्यांचे नंबर वर छताला टांगले होते. पण मधूनच एक वेगळं नाव दिसायचं. प्रोबर्ट, २४. बिअर आणायला निघालेले एक जाडजूड आजोबा. कडेवर पोर घेतलेली एक बाई. माझ्याहून लहान असेल असा एक मुलगा. छताला मात्र हा नंबर नव्हता.

‘हा कोण?’

‘बॉब प्रोबर्ट? फायटर होता. मारामाऱ्या करायचा.’

‘आणि?’

‘आणि दारू, कोकेन, जेल. शेवटी टीमनंच काढून टाकलं.’

‘मग त्याची जर्सी का घालतात?’

जिजूंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी विचारलंय की आमटीत गूळ का घालतात.

तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. परत येईपर्यंत मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं, मारामाऱ्यांचे व्हिडिओ बघितले. त्याचं आत्मचरित्रही मिळवलं, ‘टफ गाय’ नावाचं, २०१० मध्ये आलेलं.

तर आधी थोडा बेसिक फंडा. नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, मारामारी हा फाउल आहे, पण त्यासाठी कोणी घरी जात नाही. दोघांनी हातमोजे फेकायचे, एकमेकांची जर्सी धरायची आणि बुकलून काढायचं. रेफ्री बाजूला उभे राहून बघतात. मग दोघंही पाच मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये, आणि पुन्हा खेळायला मोकळे. त्या काळात जवळजवळ प्रत्येक टीम या कामासाठी खास माणूस ठेवायची. त्याला म्हणायचे एन्फोर्सर. आपल्या स्टारला कोणी धक्का मारला की त्याचा हिशेब चुकता करायचा, हा त्याचा जॉब. डेट्रॉइटचा स्टार होता कॅप्टन स्टीव्ह यझरमन, आणि त्याच्या आजूबाजूला कोणी फार मस्ती करू नये याची काळजी घेणारा बॉब प्रोबर्ट.

प्रोबर्ट डेट्रॉइटसमोरच्या विंडसरचा. मध्ये नदी, नदीच्या अलीकडे अमेरिका, पलीकडे कॅनडा, आणि पाण्याखालून दीडेक किलोमीटरचा बोगदा. वडील पोलीस, बॉब पोरसवदा असतानाच वारले. १९८३ मध्ये रेड विंग्जनं त्याला निवडलं आणि १९८६ मध्ये, म्हणजे इथे पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू झालं त्याच वर्षी, तो पहिल्यांदा उपचारांसाठी व्यसनमुक्ती केंद्रात गेला. वय एकवीस. पुढे हे येणं-जाणं चालूच राहिलं.

पण पठ्ठ्या नुसता गुंड नव्हता हो. १९८७-८८ च्या सिझनमध्ये त्यानं २९ गोल केले, ऑल-स्टार मॅच खेळला, आणि त्याच सिझनमध्ये पेनल्टीची ३९८ मिनिटं जमवली, लीगमध्ये सर्वांत जास्त. म्हणजे साडेसहा तासांहून जास्त वेळ हा माणूस नुसता बॉक्समध्ये बसून होता आणि तरीही २९ गोल! त्या वर्षीच्या प्लेऑफमध्ये यझरमन बराच काळ जखमी होता. प्रोबर्टनं १६ मॅचमध्ये २१ पॉइंट काढले आणि गॉर्डी हाउ या देवमाणसाचा क्लबचा जुना रेकॉर्ड मोडला. टीमला एकाच माणसात सगळं मिळालं होतं.

आणि मग ती एडमंटनची रात्र. मे १९८८, सेमीफायनलची सिरीज, दुसऱ्या दिवशी हरलो तर घरी. टीमला कर्फ्यू. प्रोबर्ट आणि त्याचे काही सहकारी हॉटेलमधून सटकले आणि ‘गूस लूनीज’ नावाच्या क्लबमध्ये जाऊन बसले. सहायक कोच शोधत गेला तेव्हा सापडले. दुसऱ्या दिवशी डेट्रॉइट ८-४ असं हरलं. प्रकरण पेपरात आलं, कोच जॅक डेमर्स जाहीरपणे चिडला, अख्ख्या शहराला कळलं.

तुम्ही म्हणाल, मॅचच्या आदल्या रात्री पिणाऱ्याला दुसऱ्या दिवशी खेळवलं कसं? खेळवलं. तो प्रोबर्ट होता.

ही रात्र मी ओळखते. माझ्या पहिल्या नोकरीत, पुण्यातल्या एका छोट्या फिल्म कंपनीत, आमचा एक व्हिडिओ एडिटर होता. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तासाभराचा कचरा दे, तीन मिनिटांत रडवेल असं काम. आणि पाण्याच्या बाटलीत व्होडका. हे सगळ्यांना माहीत होतं. क्लायंट आला की मी त्याला दुसऱ्या खोलीत कॉफी पाजत बसायचे. वहिनींचा फोन आला की ‘एक्स्पोर्टला बसलाय’ म्हणून सांगायचे. सकाळी त्याच्या टेबलाचा ड्रॉवर आवरण्याचं काम कोणी वाटून दिलं नव्हतं, पण ते माझ्याकडे आलं होतं. आणि आम्हाला याचा अभिमान होता! टीम स्पिरिट, यू नो. रात्री तीनला तो डेडलाइन वाचवायचा, आम्ही टाळ्या वाजवायचो, साहेब पिझ्झा मागवायचे.

असो. प्रोबर्टकडे येऊ.

पुढच्या सिझनच्या तोंडावर टीमनं त्याला बिनपगारी सस्पेंड केलं. प्रॅक्टिस बुडवणं, बस आणि विमानं चुकवणं, कर्फ्यू मोडणं, सगळी यादी होती. मग परत घेतलं. कोच डेमर्सबद्दल एक गोष्ट मला फार नंतर कळली आणि त्यानंतर मला त्याचा राग येईना. त्यानं २००५ मध्ये जगाला सांगितलं की त्याला धड लिहिता-वाचता येत नाही आणि त्याचा बाप पिऊन मारायचा. म्हणजे प्रोबर्टसमोर उभा असलेला माणूस हा सिनेमा लहानपणीच बघून बसला होता. तरी त्याला जमलं नाही.

२ मार्च १९८९ ला त्याच बोगद्याच्या तोंडाशी अमेरिकन कस्टम्सनं प्रोबर्टची गाडी थांबवली. त्याच्या अंडरवेअरमध्ये १४.३ ग्रॅम कोकेन सापडलं. दोनच दिवसांत लीगनं त्याला बाहेर काढलं. तीन महिने तुरुंगात गेले. एनएचएलमध्ये व्यसनी खेळाडूला आधी उपचार, तेही पगार चालू ठेवून, अशी व्यवस्था खेळाडूंच्या युनियनबरोबर झाली ती १९९६ मध्ये. तोपर्यंत उत्तर एकच, हाकला.

वर्षभरानं, मार्च १९९० मध्ये त्याला परत खेळू दिलं. पण इमिग्रेशनची केस चालू होती. अमेरिका सोडली तर परत घेतील याची गॅरंटी नाही. त्यामुळे डिसेंबर १९९२ पर्यंत टीम टोरोंटोला, मॉन्ट्रियलला जायची आणि हा मागे राहायचा. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. ताई मला डेट्रॉइटच्या नदीकाठी घेऊन गेली होती. समोर विंडसर इतकं जवळ दिसतं की गाड्या मोजता येतात. माझ्याकडे कॅनडाचा व्हिसा नव्हता, म्हणून मी कठड्याला टेकून नुसती बघत राहिले. मी टुरिस्ट होते, पाच मिनिटांत कंटाळले. त्याचं ते गाव होतं.

त्याच डिसेंबरातली एक क्लिप यूट्यूबवर आहे. न्यूयॉर्कच्या टाय डोमीनं फेब्रुवारीतल्या आधीच्या मारामारीनंतर ‘मी चॅम्पियन’ म्हणत कमरेला पट्टा बांधल्याची अॅक्शन केली होती. आता रीमॅच. प्रोबर्ट त्याला बदडतो. आणि बाकावर बसलेला यझरमन, तो शांत, सभ्य कॅप्टन, हसत हसत कमरेला पट्टा बांधल्याची अॅक्शन करतो. किती खूश आहे तो! खरं सांगते, मी पण झाले. ती क्लिप मी वीसेक वेळा बघितली असेल.

जुलै १९९४. प्रोबर्टनं मोटरसायकल ठोकली. रक्तात दारू कायद्याच्या मर्यादेच्या तिप्पट, आणि कोकेनचे अंश. काही दिवसांतच रेड विंग्जनं संबंध तोडले. क्लबचे जिमी देवेलानो जाहीरपणे म्हणाले की बारा वर्षांत आम्ही कुठल्याच खेळाडूवर आणि त्याच्या अडचणींवर इतका वेळ घालवला नाही. खोटं नव्हतं ते. टीमनं संधी दिल्या, उपचारांना पाठवलं, वाट बघितली. पण त्याच काळात त्याला दर दोन-तीन दिवसांनी बर्फावर सोडून डोक्यावर ठोसे खायलाही लावलं. या दोन गोष्टी एकमेकींशी बोलत होत्या की नाही, हे मला कुठेच वाचायला मिळालं नाही.

शिकागोनं त्याला लगेच घेतलं. लीगनं अख्खा एक सिझन खेळू दिला नाही. मग तो २००२ पर्यंत खेळला. १९९९ मध्ये टोरोंटोच्या मेपल लीफ गार्डन्समधला शेवटचा एनएचएल गोल त्याच्या नावावर आहे. एकूण ९३५ मॅच आणि ३,३०० पेनल्टी मिनिटं. डेट्रॉइटनं १९९७ आणि १९९८ मध्ये स्टॅनले कप जिंकला. प्रोबर्टचा मारामारीतला जोडीदार जो कोकर, एडमंटनच्या त्या रात्री क्लबमध्ये असलेल्यांपैकी एक, दोन्ही वेळा टीममध्ये होता. प्रोबर्टनं कप कधीच उचलला नाही.

५ जुलै २०१० ला घरच्यांबरोबर सेंट क्लेअर सरोवरावर बोटीत असताना त्याच्या छातीत दुखलं आणि तो गेला. वय ४५. पत्नीनं त्याचा मेंदू बॉस्टन युनिव्हर्सिटीला अभ्यासासाठी दिला. २०११ मध्ये निष्कर्ष आला, सीटीई. डोक्याला वारंवार बसणाऱ्या मारानं होणारा मेंदूचा आजार. शेवटच्या वर्षांत तो विसरायला लागला होता, चिडायला लागला होता, असं पत्नीनं तेव्हा सांगितलं.

आणि ९ एप्रिल २०१७. रेड विंग्जचं जुनं स्टेडियम, जो लुईस अरीना, तिथली शेवटची मॅच. मॅच संपल्यावर त्याच्या पत्नीनं आणि मुलांनी त्याच्या थोड्या अस्थी तिथल्या पेनल्टी बॉक्समध्ये ठेवल्या. ते स्टेडियमही नंतर पाडलं.

आमच्या एडिटरला काढायला दहा मिनिटं लागली होती. २०२१, दिवाळीच्या आधी. एका मोठ्या क्लायंटची फिल्म गेली नाही, कारण तो एडिट रूमच्या जमिनीवर झोपला होता आणि त्या रात्री ते झाकायला आमच्यापैकी कोणी ऑफिसात नव्हतं. साहेबांनी आम्हाला बोलावून ‘आपण फॅमिली आहोत, पण’ असं काहीतरी भाषण केलं. आम्ही मान हलवली. त्याचा ड्रॉवर मीच रिकामा केला, सवयीनं. फोन मात्र केला नाही. सहा महिन्यांनी त्याचा मेसेज आला, ‘कशी आहेस? काही काम असेल तर सांग.’ मी उत्तर दिलं नाही. कामात होते वगैरे.

डेट्रॉइटहून आल्यावर त्या मेसेजला उत्तर दिलं. दीड वर्षानं. तो डेक्कनला अमृततुल्यात भेटला. बारीक झालाय. चौदा महिने झाले म्हणाला, मोजतोय. मी सॉरी म्हणायची तयारी करून गेले होते, पण त्यानं विषयच बदलला आणि अमेरिकेत काय बघितलंस विचारलं. मग मी मोबाइल काढून त्याला ती प्रोबर्ट-डोमीची क्लिप दाखवली. यझरमनची अॅक्शन, पब्लिकचा जल्लोष, सगळं. त्यानं दोनदा बघितली. चहा निवत होता.

‘कट लवकर मारलाय,’ तो म्हणाला.

‘म्हणजे?’

‘मारामारी संपली की क्लिप संपते. हा नंतर बॉक्समध्ये जाऊन पाच मिनिटं बसला असेल ना? ते फुटेज कुठेय?’

मी घरी येऊन शोधलं. अजून मिळालेलं नाही.