डोसाचं कार्ड

कागदोपत्री त्याचं नाव ‘माता व बाल संरक्षण कार्ड’. एवढ्या लांब नावाने त्याला कोणी हाक मारलेली मी तरी ऐकलेली नाही. शहरात ते व्हॅक्सिनेशनचं कार्ड, गावात डोसाचं कार्ड, आणि डोसाच्या दिवशी सकाळी घरभर शोधाशोध सुरू झाली की नुसतंच ‘बाळाचं कार्ड’. जाडसर कागदाचं, घड्यांवर विरलेलं, कडेला हळदीचा एखादा डाग मिरवणारं. तुमची-त्याची ओळख आहेच. बऱ्याच वर्षांत गाठ पडलेली नसेल, इतकंच.

बाळाच्या आधी ते घरात येतं, हे त्याच्या तोऱ्याचं मूळ. केंद्राच्या आरोग्य आणि महिला-बालविकास या दोन मंत्रालयांनी मिळून 2010 मध्ये ते आणलं. गरोदरपणाची नोंद झाली की ते आईच्या हातात पडतं. तिचं वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, धनुर्वाताचं इंजेक्शन हे सगळं आधी त्याला कळतं, मग सासूबाईंना. बाळ जन्मतं तोवर कार्ड काही महिन्यांचं झालेलं असतं आणि थोरल्या भावंडासारखं वागायला लागतं. बारसं व्हायची वाट ते पाहत नाही. ‘अमकीचं बाळ’ एवढ्यावर पहिल्या चोवीस तासांत कावीळ ‘ब’ची लस लिहून घेतं, सोबत बीसीजी आणि पोलिओचे दोन थेंब.

त्याचा हिशेब अस्सल मराठी. छापील तक्त्यात सहा, दहा आणि चौदा आठवडे असतात. दारात उभी राहून आशाताई म्हणते, ‘दीडचा झाला, आता अडीचचा, मग साडेतीनचा.’ शाळेतून दिडकी, अडीचकी आणि औटकी कधीच गेल्या, पण महाराष्ट्रातल्या प्रत्येक तान्ह्या बाळाची आई हे तीन पाढे अजून न चुकता म्हणते. पुढे नऊ महिन्यांचा गोवर-रुबेलाचा, दीड वर्षाचा बूस्टर, पाचव्या वर्षाचा बूस्टर.

नटण्याची हौसही आहे त्याला. आतल्या पानांवर वजनाचे आलेख आहेत, मुलींचा गुलाबी, मुलग्यांचा निळा, आणि त्यांत हिरवा, पिवळा, नारिंगी असे पट्टे. अंगणवाडीत काट्यावर बाळ घातलं की ताई त्यात एक ठिपका देते. ठिपका हिरव्यातून पिवळ्यात उतरला तर कार्ड आरडाओरडा करत नाही, पण आईच्या चेहऱ्यावर ते लगेच दिसतं.

लस टोचून झाली की सिस्टरने आईला चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली आणि कशासाठी, ताप किंवा सूज आली तर काय करायचं, पुन्हा कधी यायचं, आणि कार्ड जपून ठेवा, पुढच्या वेळी घेऊन या. प्रशिक्षणातच हे चार निरोप शिकवतात. चारांतला एक अख्खा निरोप त्याच्या एकट्यासाठी! एवढा मान रेशनकार्डालाही नाही.

घरोघरी हा निरोप फार मनापासून पाळला जातो आणि घोटाळा तिथेच होतो. आपल्याकडे जपून ठेवलेली वस्तूच सापडत नाही. पहिले चार महिने कार्ड उशाशी, लंगोटांच्या पिशवीत, फ्रीजवर असं हाताशी वावरतं. गोवराचा डोस झाला की कपाटात जातं. दीड वर्षाचा झाला की त्याची बढती होते आणि ते लॉकरमध्ये, सोन्याच्या पावत्यांखाली जाऊन बसतं. चाळीतल्या खोलीत ते वीजबिलांसोबत खुंटीवरच्या प्लास्टिकच्या पिशवीत असतं. आजीचं राज्य असलेल्या घरात ते पैठणीच्या घडीत सापडतं, कारण तिथे डांबरगोळ्या असतात आणि कसर लागत नाही. आणि बाळंतपण माहेरी झालं असेल तर ते हमखास माहेरीच राहतं. नागपूरच्या कपाटातलं कार्ड ठाण्याच्या दवाखान्यात मोबाइलवरच्या फोटोतून हजर होतं, तेही मामाने फोटो काढताना नेमकी तारखांवर बोटाची सावली पाडलेली.

त्याचा सगळ्यात खडतर मुक्काम पाहायचा असेल तर ऊसतोड कुटुंबाच्या पत्र्याच्या पेटीत पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडची माणसं कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात आणि पुढचे पाच-सहा महिने खोपीत काढतात. पीठ, भांडी, अंथरूण यांतून पेटीत कार्डाला जागा मिळाली असेल, तर तळावर आलेली सिस्टर एका नजरेत पुढचा डोस ठरवते. जागा मिळाली नसेल तर प्रश्न सुरू होतात: मांडीत दिलं की दंडात? कितव्यांदा? पहाटेपासून फडात मोळ्या उचलणाऱ्या बाईने हे तोंडपाठ ठेवावं अशी अपेक्षा करणं मला अन्यायाचं वाटतं. ही आठवण वाहण्यासाठीच तर कार्ड जन्माला आलं. गाव, तालुका, दवाखाना, सिस्टर सगळं बदललं तरी त्या बाळाबरोबर चालत आलेलं तेवढंच एक ओळखीचं माणूस असतं.

त्याचं एक जुळं भावंडही आहे. कार्डाचा फाडून घ्यायचा एक तुकडा असतो, तो सिस्टरकडे राहतो. उपकेंद्राच्या भिंतीवर कापडी पिशवी टांगलेली दिसते, महिन्या-महिन्याचे कप्पे शिवलेली. तिला टिकलर बॅग म्हणतात. ज्या महिन्यात बाळाचा पुढचा डोस, त्या कप्प्यात हा तुकडा. महिना सरला आणि तुकडा तिथेच राहिला, म्हणजे बाळ आलं नाही. मग त्या घरी आशाताईची फेरी. घरातलं कार्ड लॉकरमध्ये झोपलेलं असताना हे जुळं भिंतीवर जागं असतं.

पल्स पोलिओच्या रविवारी मात्र कार्डाला कोणी विचारत नाही. 1995 मध्ये सुरू झालेल्या या मोहिमेत त्या दिवसाचा मान डाव्या करंगळीवरच्या शाईचा. 2014 च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त ठरला, त्याचं निम्मं श्रेय मी त्या शाईलाही देईन.

त्याला पाण्याची भीती वाटते, पण त्याहून मोठी भीती लॅमिनेशनची. हौशी बाबा झेरॉक्सच्या दुकानात नेतात आणि गुळगुळीत करून आणतात. पुढच्या डोसाला सिस्टर पेन टेकवते तर शाई उठत नाही. प्रेमाने तोंड शिवून टाकावं तसा हा प्रकार. मग पाठीला एक चिठ्ठी स्टेपल होते आणि पुढच्या नोंदी त्या चिठ्ठीच्या भरवशावर राहतात.

स्वभावाने ते कडक आहे. तोंडी साक्ष त्याला चालत नाही. ‘सगळे डोस झालेत हो’ असं कितीही ठामपणे सांगा, अंगावर त्याची खूण नसते. बीसीजीचा दंडावरचा बारीक व्रण तेवढा बोलतो, बाकी लसी आत जाऊन मुक्या होतात. म्हणून कार्डही नाही आणि कोणाला आठवतही नाही, तर त्या वयाला लागू लसी पुन्हा द्याव्या लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे लोक दारात येतात तेव्हा तेही आधी कार्ड दाखवा म्हणतात, आणि ते नसेल तरच आईच्या आठवणीवर येतात.

त्याच्या चुलत भावाचा, म्हणजे कुत्रा चावल्यावर मिळणाऱ्या रेबीजच्या कार्डाचा, रोख तर आणखी स्पष्ट. आधीचा पूर्ण कोर्स झाल्याचा कागद असेल तर पुन्हा चावा झाल्यावर दोनच इंजेक्शनं, एक लगेच आणि दुसरं तीन दिवसांनी, आणि जखमेत भरायचं इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. कागद नसेल तर सगळं पहिल्यापासून. तो केसपेपर लोक आठवड्यात फेकून देतात, याची मला खरोखर हळहळ वाटते.

नातेवाईक बरेच आहेत. घरातले सर्वांत वडीलधारे म्हणजे पन्नाशी ओलांडलेल्यांच्या दंडावरचे देवी काढल्याचे गोल वण. 1802 च्या जूनमध्ये मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली, तिथपासूनचं हे घराणं. कार्ड हरवायचा प्रश्नच नव्हता, दंडच कार्ड होता. दुसरी आहे पीतज्वराची पिवळी पुस्तिका, केनिया-युगांडाला नोकरीला जाणाऱ्यांच्या पासपोर्टात राहणारी. पूर्वी तिची मुदत दहा वर्षांची होती, जुलै 2016 पासून ती जन्मभराची झाली. आणि धाकटं म्हणजे कोविडच्या लसीचं, कोविनचं प्रमाणपत्र! 15 ऑगस्ट 2021 पासून दुसऱ्या डोसानंतर चौदा दिवस झालेल्यांना मुंबईच्या लोकलमध्ये प्रवेश होता, तेव्हा खिडकीवर त्याचा काय रुबाब. आज ते कोणत्या फोल्डरमध्ये आहे, हे चटकन सांगता येणारा माणूस मला भेटायचा आहे.

थोरल्या कार्डाचा, आणि 2010 आधीच्या त्याच्या पूर्वजाचाही, रुबाब मात्र अचानक परत येतो. मुलगी बावीस वर्षांची, अमेरिकेतल्या विद्यापीठात प्रवेश पक्का, आणि फॉर्ममध्ये एक रकाना: एमएमआरच्या (गोवर-गालगुंड-रुबेला) दोन डोसांच्या तारखा, डॉक्टरांच्या सहीसह. मग लॉकर, पैठणी, माळ्यावरची बॅग असा क्रम लागतो. सापडलं तर वीस वर्षांपूर्वीच्या निळ्या शाईतल्या तारखा दहा मिनिटांत फॉर्मवर उतरतात. नाही सापडलं तर रक्त तपासून प्रतिपिंडं दाखवा, किंवा निदान अठ्ठावीस दिवसांच्या अंतराने दोन डोस नव्याने घ्या, आणि विमानाचं तिकीट तर काढलेलं असतं.

आता लसीकरणाच्या नोंदींचं सरकारी यू-विन आलं आहे, नोंदी मोबाइलवर दिसू लागल्या आहेत, ते चांगलंच आहे. पण मूळ कागद टाकू नका. त्याच्या सगळ्या पानांचा, बोटाची सावली न पाडता, फोटो काढा आणि आई-बाबा दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. तो काढताना पाचव्या वर्षानंतरच्या ओळी बघा. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस असते, सरकारी दवाखान्यात फुकट. कार्ड लॉकरमध्ये गेल्यावर येणारे हे दोन डोस, म्हणून विसरले जातात. तुमच्या घरात दहा किंवा सोळा वर्षांचं कोणी असेल, तर आजच ते दोन रकाने उघडून पाहा.