संगमनेर ते दिल्ली : विमान दोन तास, प्रवास आठ तास

मैत्रिणींनो, लेकीचे दिवस भरत आले आणि ती दिल्लीला! रेल्वेने जायचं तर एक रात्र आणि दिवसाचा बराच भाग गाडीतच. ह्यांनी विमानाचं तिकीट काढलं. म्हणाले, "दोन तासांत पोहोचशील." पुरुषांचे हिशेब असेच असतात!

शिर्डीचा विमानतळ शिर्डीत नाही बरं का. तो आहे काकडीला, कोपरगाव तालुक्यात. १ ऑक्टोबर २०१७ला तो सुरू झाला. एके काळी पावसाकडे डोळे लावून बसणारी ही जिराईत शिवारं, आणि त्यांत अडीच किलोमीटरची धावपट्टी! संगमनेरहून तळेगाव दिघेमार्गे तासाभरात पोहोचता येतं.

काकडी ते दिल्ली सरळ रेषेत साधारण एक हजार किलोमीटर. विमानाचा वेग ताशी आठशेच्या आसपास, म्हणजे सव्वा तास पुरायला हवा. मग तिकिटावर दोन तास का? अहो, कुकरच्या तीन शिट्ट्या होतात दहा मिनिटांत, पण डाळ-तांदूळ निवडणं, धुणं, वाफ जिरणं कोण मोजतं? विमान जागेवरून हलल्यापासून दिल्लीला जागेवर थांबेपर्यंतचा वेळ तिकिटावर असतो. वर चढणं, खाली उतरणं, दिल्लीच्या आभाळातली रांग, सगळं त्यात आलं.

आता माझा हिशेब ऐका. सकाळी दहाला घर सोडलं, अकराला काकडी. विमान एकनंतर. दिल्लीत उतरून सामान हाती यायला पाऊण तास, आणि पुढे टॅक्सीत दीड तास. लेकीच्या दारात उभी राहिले तेव्हा सहा वाजत आले होते.

तुम्हालाही कधी असं जायची वेळ आली, तर डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला सकाळी पोहोचणारं विमान शक्यतो घेऊ नका. धुकं इतकं असतं की विमानं तासन् तास अडकतात. दुपारचं बरं. वेळापत्रकही बदलत राहतं, तेव्हा आदल्या दिवशी पुन्हा पाहून घ्या. आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या पिशवीत टाकू नका. खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात चालत नाहीत. माझ्या वाट्या तपासणीत काढून ठेवाव्या लागल्या, जीव हळहळला! डिंकाचे लाडू घरूनच वळून नेले होते, ते मात्र सुखरूप पोहोचले.

लेकीने पहिला लाडू उभ्याउभ्याच खाल्ला. त्याच रात्री अडीच वाजता तिने मला हलवून उठवलं, "आई, चल, निघायला हवं." रेल्वेने निघाले असते, तर त्या वेळी मी मध्य प्रदेशात कुठेतरी बर्थवर झोपलेली असते.