पुढच्या वर्षी दाखवू

बेत आग्र्याचा ताजमहाल पाहण्याचा होता. २००२ सालचा जानेवारी. भरतपूर वाटेतच पडते, म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी माझ्या दुर्बिणीच्या हौसेखातर एक दिवस मंजूर केला, इतकेच!

केवलादेवच्या पाणथळीत फिरायचे ते सायकलरिक्षातून. तिथले रिक्षावाले पक्ष्यांच्या बाबतीत भल्याभल्यांचे कान उपटतील. आमच्या वाट्याला एक वृद्ध सरदारजी आले. पहाटे धुके इतके, की पुढचे चाकही दिसेना. सात वर्षांची आमची बेबी शालीचे गाठोडे होऊन आईच्या कुशीत गाढ झोपली होती.

बांधावर सरदारजींनी एकाएकी ब्रेक दाबला आणि नुसते बोट दाखवले. पन्नासएक पावलांवर पांढरे काहीतरी हलत होते. बगळे, मी मनाशी म्हटले. तोच एकाने पाण्यातून मान वर काढली. लालभडक चेहरा! सायबेरियाचे क्रौंच! चोच चिखलात खुपसून दोघे लव्हाळ्याचे कंद उकरत होते. एकाने पंख पसरले, तेव्हा टोकांची काळी पिसे दिसली. आवाज बासरीसारखा कोवळा. सारसाचा कर्णा तो वेगळा.

"यंदा एवढी एकच जोडी," सरदारजी कुजबुजले.

१९६४-६५ च्या हिवाळ्यात इथे सुमारे दोनशे क्रौंच मोजले होते. पश्चिम सायबेरियातून अफगाणिस्तानावरून यायचे, वाटेत ठिकठिकाणी बंदुका. शिकारीत आपणही काही मागे नव्हतो म्हणा. देवळाजवळच्या शिळेवर राजेरजवाड्यांच्या, लाटसाहेबांच्या शिकारींचे हिशेब कोरले आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसाचे पक्षी ४,२७३! १९९३ पासून तर काही हिवाळे एकही क्रौंच आला नव्हता.

"बेबीला उठवू का?" सौ.ने खुणेने विचारले. पोर रडली तर पक्षी उडतील, या धास्तीने मी मान हलवली. पुढच्या वर्षी दाखवू.

पुढच्या वर्षी खास तेवढ्यासाठी गेलो. तेच सरदारजी स्टेशनबाहेर भेटले. मी काही विचारण्याआधीच त्यांनी हात हलवला. ती जोडी शेवटचीच ठरली. त्यानंतर भरतपूरला क्रौंच आले नाहीत.

तरीही बेबीने बांधावर तासभर दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. दूर दोन उंच पक्षी चरत होते.

"बाबा, ते करडे आहेत. म्हणजे सारसच ना?"

"हो, सारस."

"मग मला तेव्हा उठवलं का नाही?"

सौ.ने डब्यातला लाडू तिच्या हातावर ठेवला आणि सरदारजींनी रिक्षा वळवली.